कापलेलं पान आणि हॅमोचा मोडका पाय

मी वेंडलेक घराण्याची प्रार्थनेची पोथी बोलतेय. पानं मेंढीच्या कातड्याची, वर ओकच्या फळ्या. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या या जमीनदारांच्या तीन पिढ्या माझ्या समासात आहेत. कोण कधी जन्मला, कुठल्या लढाईत पडला, सगळं. प्रार्थनांपेक्षा समासच जास्त वाचला गेला, पण मी कधी तक्रार केली नाही.

मात्र लिहिले ते फक्त मुलगे. इडोनिया जन्मली, तेव्हा तिच्या वडिलांनी, सर फल्क यांनी, लेखणीला हातसुद्धा लावला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढे सर फल्क फ्रान्सच्या लढाईत मारले गेले. मागे वारस एकटी इडोनिया. आमच्याकडे मुलगी सोळाची होईपर्यंत जमीन वरच्या सरदाराच्या ताब्यात असते. हे सरदार सर वॉरिन. त्यांनी दोन्ही हातांनी खाल्लं. निम्मं रान तोडून विकलं. सोळा पूर्ण होताच इडोनियानं जमीन मागितली, तर म्हणतात कसे, "चौदाची तर आहेस, पोरी! घाई कसली?"

आणि पुरावा राहू नये म्हणून त्यांनी माझं फेब्रुवारीचं, म्हणजे तिच्या जन्ममहिन्याचं, पान सुरीनं कापून नेलं. अक्कल बघा! त्यावर तिचं नाव नव्हतंच. गेले ते तिच्या आजोबांचे दोन भाऊ.

"नमतं घे गं," तिची आत्या म्हणाली. "त्यांच्याशी वैर आपल्याला झेपेल का?"

"नमतं घेतलं तर उरलेलं रानही जाईल, आत्या. मी राजाच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायला जाणार."

वय ठरवायला बारा पुरुषांची साक्ष लागते. सुईणीला कोणी विचारत नाही. प्रत्येकानं सांगायचं, तो दिवस आपल्याला का आठवतो.

मेंढपाळ हॅमो लंगडत पुढे आला. "हिच्या बाप्तिस्म्याचं पाणी मीच आणत होतो, साहेब. बर्फावरून घसरलो, पाय मोडला. सोळा वर्षं लंगडतोय. ही चौदाची असेल, तर माझी दोन वर्षं परत द्या!"

सगळे हसले. मग थर्स्टन उठला. त्याची पाणचक्की सर वॉरिनच्या मालकीची, म्हणून हा फिरणार असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

"त्याच आठवड्यात माझी आई गेली," तो म्हणाला. "त्याला सोळा वर्षं झाली. आईचं मरण मी कुणासाठी पुढेमागे करणार नाही."

"चक्की गेली म्हणून समज!" सर वॉरिन ओरडले.

"गेली तर गेली."

चक्की खरंच गेली. पण जमीन इडोनियाला मिळाली, आणि पहिलं काम तिनं हे केलं, की आपल्या ओढ्यावर थर्स्टनला नवी चक्की बांधून दिली. मग मला समोर घेऊन तिनं स्वतःचा जन्म लिहिला. खाली त्या बाराही जणांच्या आठवणी लिहिल्या; कुणाची गाय व्याली होती, कुणाचं छप्पर उडालं होतं. जमीनदारांच्या पोथीत कुळांची नावं! आत्यानं नाक मुरडलं. इडोनिया लिहीत राहिली.

आता मी काचेच्या पेटीत असते. लोक येतात, लढाईत पडलेल्यांची नावं शोधतात आणि जातात. माझी एवढीच विनंती आहे: ते बारा जणांचं पानही वाचा. त्या दिवशी हॅमो घरी बसला असता आणि थर्स्टन घाबरला असता, तर उरलीसुरली जमीन जाऊन वेंडलेक घराणं तिथेच संपलं असतं.