खाली राहिलेला मजकूर

बायको आशाबाई जाऊन चार महिने झाले तरी कडुबा त्या ईमेल गटातून बाहेर पडला नव्हता. गट किडनीच्या पेशंटांच्या घरच्यांचा होता. पडेगावच्या सुदर्शनची बायको आता तेच भोगत होती, म्हणून कडुबानं परवा त्याला एकट्याला लिहिलं. मनातलं सगळं लिहिलं. शेवटी आशानं डायलिसिस स्वतःच बंद करायला लावलं, आपण हो म्हणालो, आणि गंगापूरला तिच्या आईला मात्र हार्ट अटॅक सांगितला. "आईला कळू देऊ नका," हे आशाचंच शेवटचं सांगणं.

आज सकाळी गटावर सुदर्शनची मेल आली. वर खाजेच्या मलमाचं नाव, दोन ओळी. खाली कडुबाचं अख्खं पत्र.

कडुबानं त्याला फोन लावला.

"दादा, चुकलं," सुदर्शन म्हणाला. "तुम्ही लिहिलेलं मलम समद्यांना सांगावं म्हणलं. तुमच्याच मेलवरून गटाला पाठवलं, खालचं पुसायचं राहिलं. आता गटावरून काढलंय."

"अन् लोकांच्या मेलमधून?"

"ते कसं निघंल, दादा?"

गटात दोनशे अकरा माणसं होती. त्यात मेघाही होती, आशाच्या भावाची मुलगी. सासऱ्याच्या डायलिसिससाठी ती गटात आली होती, हे कडुबाला तिचा फोन आल्यावर कळलं.

"मामा, आत्याचं वाचलं मी."

"आजीला नको सांगू, माय."

"मी नाही सांगणार. पण माझ्या जावेनं पण वाचलंय. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

कडुबा मुकुंदवाडीहून गंगापूरला निघाला. वाटेत एसटीत त्याला झोप लागली. चार महिन्यांत त्याला कुठंही झोप लागायची, फक्त घरात नाही.

सासू द्वारकाबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. "या जावईबापू. हाडं राहिली नुसती. सैपाक करता का नुसता च्या पिता?"

त्यानं पाणीही न घेता सगळं सांगून टाकलं. म्हातारीचे हात थांबले.

"आशीनंच नगं म्हणलं?"

"व्हय."

"तुम्ही तिला अडवलं नाय?"

"पंधरा दिवस अडवलं. मग ती हात जोडायला लागली."

द्वारकाबाईंनी वातींचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "अन् हे किती जणांनी वाचलं?"

"दोनशेच्या वर."

"दोनशे परकी माणसं. अन् माय शेवटाला."

कडुबानं खिशातून मोबाईल काढून हातात धरला.

"फोनात हाय का ते?"

"हाय."

"मग वाचा. त्यांना ठावं हाय तेवढं मला पण ठावं असू द्या. गाळू नका काही."

कडुबानं चष्मा लावला. पहिल्या ओळीत आशाचं नाव होतं. तिथंच तो थांबला, तेव्हा म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. तो दोन घोट प्याला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.