हात घालून दाखवा

साहेब, हा खेळ तुम्ही काढलात. वरच्या मजल्यावरच्या गार खोलीत बसल्या बसल्या तुमच्या डोक्यात आला आणि खाली दुसऱ्यांच्या हाडांवर बेतला. गाडी मालकाच्या ताब्यात देताना आपल्या माणसानं दाराच्या उतरवलेल्या काचेच्या वर हात आडवा धरायचा, मालकानं आत बसून बटण ओढायचं, काच सरसर वर येऊन हाताला टेकायची आणि चटका बसल्यासारखी खाली जायची. मालक खूश. "गिऱ्हाइकाला भरवसा वाटला पाहिजे," म्हणालात. भरवसा विकणार तुम्ही आणि हात घालणार वायरमन.

वायरमन म्हणजे त्या सर्व्हिस सेंटरात गाड्यांची वीज बघणारा माणूस. त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. त्याची बायको त्याच आवारात मागच्या अंगाला गाड्या धुवायची. तिला सगळे वहिनी म्हणत, वयानं बापासारखे मिस्त्रीसुद्धा. तुम्हीही वहिनीच म्हणायचात, काम असलं की.

आता काचेचं ऐका, कारण तुम्ही ते ऐकून घ्यायला कधी थांबलाच नाहीत. बॅटरीची तार काढली की ह्या गाड्यांच्या काचेला सगळ्याचा विसर पडतो. वर कुठे थांबायचं ते आठवत नाही, मध्ये काही आलं तर मागे फिरायचं तेही आठवत नाही. मग तिला पुन्हा शिकवावं लागतं. बटण ओढून काच पार वर न्यायची, रबरात बसली तरी बटण सोडायचं नाही, तसंच धरून ठेवायचं. मग पार खाली न्यायची, पुन्हा धरायचं, पुन्हा वर. प्रत्येक दाराची शिकवणी वेगळी. शिकवणी होईपर्यंत काच आंधळी असते. बटण धरून ठेवाल तर मध्ये फडकं आहे का बोट, ती विचारत नाही. वायरमन ह्याला 'काचेला शाळेत घालणं' म्हणायचा. त्यावर वहिनीचं ठरलेलं, "काचांना शिकवायला ह्यांना वेळ आहे, घरच्या दोघांना मात्र मीच शिकवायचं."

त्या दिवशी एका पांढऱ्या गाडीच्या चालकाच्या बाजूच्या दाराच्या काचेची मोटर बदलायची होती. वायरमननं सकाळीच बदलली, काचेला शाळेत घातलं, हातोडीचा लाकडी दांडा मध्ये धरून तपासलं आणि जेवायला गेला. तेवढ्यात मालक आला. जाडजूड, मऊ बोलणारा, निवृत्तीचं तेज असलेला गृहस्थ. आणि नेमके तुम्ही खाली उतरलात. गाडीत डोकावलात तर समोर एक पिवळा दिवा पेटलेला.

"हा काय चमत्कार? घालवा तो."

दिवा का पेटलाय हे कोणाला बघायचं नव्हतं. मिस्त्रीनं आपल्याकडची नेहमीची युक्ती केली. बॅटरीची तार काढली, जरा थांबला, परत लावली. दिवा गेला. काचेची शाळाही गेली. मिस्त्रीला ते ठाऊक होतं. वायरमन हात धुऊन आला तसा त्याच्या कानाशी पुटपुटला, "तार काढली होती रे मध्ये. साहेबांचा हुकूम." आणि पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली सरकला.

मालक आत बसून तयार होता. वायरमन तुमच्याजवळ आला, आवाज अगदी खाली ठेवून म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं द्या. काच पुन्हा शिकवावी लागेल."

तुम्ही मालकाकडे बघून हसत होतात. हसू तसंच ठेवून दातांतून बोललात, "सकाळी झोपा काढल्यास काय?"

"सकाळी केलं होतं. मध्ये तार काढली ना."

"गिऱ्हाइकासमोर रडगाणं नको. हात घाल."

"नाही घालत, साहेब."

नोकरीला लागल्यापासून त्यानं तुम्हाला पहिल्यांदा नाही म्हटलं. तुम्ही मोठ्यानं हसलात. "आमचा वायरमन आज नव्या नवरीसारखा लाजतोय!" मग मागच्या अंगाला तोंड करून हाक दिलीत, "अहो वहिनी! जरा या इकडे. तुमच्या नवऱ्याची करामत दाखवायचीय."

इथे वायरमनला वेळ होता, त्याचीही गय करायचं कारण नाही. ती धुण्याच्या कट्ट्यावरून उतरून चालत येईपर्यंत एक माणूस दहा वेळा ओरडला असता. पण गेल्याच महिन्यात रंगाऱ्यानं एका मालकासमोर 'हा रंग जुळणार नाही' म्हटलं होतं आणि संध्याकाळी त्याचा डबा फाटकाबाहेर ठेवलेला सगळ्यांनी पाहिला होता. वायरमनला तो डबा दिसला. त्याला वाटलं, साहेब नुसतं घाबरवतायत. वाटलं, ती जवळ आली की डोळ्यांनी खुणावू.

ती आली ती खुशीत. गमबूट फटक फटक वाजवत, हात पदराला पुसत. इतके दिवस लांबून बघितलेला खेळ आज तिच्या वाट्याला आला होता. "ह्यांनी बसवलीय ना? मग भ्यायचं काय?" म्हणाली आणि सरळ काचेच्या कडेवर चार बोटं ठेवून मोकळी झाली.

मालकानं बटण ओढून सोडलं. काच थोडी वर आली आणि थांबली. शिकलेली काच एका ओढीत पार वर जाते, न शिकवलेली अशीच थांबते. शहाण्याला तेवढं पुरे होतं.

"ओढून धरा, ओढून धरा!" तुम्ही म्हणालात.

"काढ! हात काढ!" वायरमन आता ओरडला. काय झालं म्हणून तिनं तोंड त्याच्याकडे वळवलं. हात तिथेच राहिला.

तिची किंकाळी ऐकून मालक गांगरला, आणि गांगरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. त्यानं बटण आणखी ओढलं. वायरमन गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारातून आत घुसला, मालकाच्या मांडीवर आडवा पडला आणि बटण खाली दाबलं. तोवर दोन बोटांचं व्हायचं ते झालं होतं.

तुम्ही पुढे आलात. काचेच्या कडेवरून बोट फिरवलंत. मग मालकाला म्हणालात, "तडा नाही गेलेला. गाडीला काही झालं नाही."

वहिनीला मिस्त्री लोकांनी टेम्पोत घातलं. वायरमन मागोमाग चढायला गेला तर तुम्ही त्याचा दंड धरलात. "तिच्याबरोबर चौघं आहेत. मालक खोळंबलेत. काच नीट करून जा."

तो थांबला. बायकोचं रक्त लागलेलं रबर त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं. काच वर नेऊन धरली, खाली नेऊन धरली, पुन्हा वर. मग तुम्ही काही सांगायच्या आत आपला हात मध्ये घातला. काच टेकली आणि गुपचूप खाली गेली. मालक म्हणाला, "वा." गाडी गेली.

आता तिची ती दोन बोटं वळत नाहीत. फडकं पिळता येत नाही, वेणी घालता येत नाही. तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंत की बाईनं आगाऊपणा केला, धुणारणीचं तिथे कामच काय होतं. तुमच्याकडे उत्तरं नेहमी तयार असतात. म्हणून हेही तुम्हालाच विचारायचं.

गेल्या आठवड्यात मुलं शाळेत गेल्यावर ती त्याच्यासमोर बसली. रडली नाही, ओरडली नाही. पट्टी सोडलेला हात मांडीवर ठेवून म्हणाली, "अहो, मी येत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?"

तो आपला डबा उचलून निघाला. कामावर येतो, काचांना शाळेत घालतो, घरी जातो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो. ती रोज विचारते. साहेब, त्यानं तिला काय सांगायचं? बोला.