डोमाजींची भराई

चिखल्याच्या धर्मेंद्रचे तीन ट्रक होते. खाणीतले मँगनीज ते तुमसरला रेल्वेच्या मालधक्क्यावर पोचवत. तिन्हींच्या कपाळावर लाल अक्षरांत लेकीचे नाव होते: 'दामिनी'. तिच्या पायगुणाने धंदा वाढला, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

त्याच दामिनीचा अकरावी विज्ञानाचा अर्ज मात्र आठ दिवस फ्रिजवर पडून होता. तुमसरच्या कॉलेजात प्रवेशाचा आज शेवटचा दिवस. फक्त बापाची सही राहिली होती.

"काहून जाव लागते तिले इतक्या दूर?" धर्मेंद्र चप्पल घालत म्हणाला. "घरात कशाची कमी हाये? खाण हाये तोवर आपल्याले चिंता नाही."

त्याची बायको मंजुषा पोळी लाटता लाटता थांबली. दामिनी हळूच म्हणाली, "दामिनी तं रोजच तुमसरले जाते, बाबा. तीन-तीन ट्रकवर. मीच तेवढी घरी आहो."

अंगणातल्या बाजेवर आजोबा, डोमाजी, इतके हसले की खोकला लागला. एकतीस वर्षे त्यांनी खाणीच्या पोटात काढली होती.

"धर्मेंद्र, मी खाणीत काय करत होतो रे?"

"मँगनीज काढत होते ना, बाबा."

"नाही. मी भराईवर होतो. काढणारे पुढं जायचे, नाव त्याईचंच व्हायचं. मांगं पडलेली पोकळी आम्ही रेतीनं भरायचो. नवीन होतो तवा मुकादमाले म्हटलं, मले काढाले लावा, रेती भरून काय भेटते? तो म्हणे, डोमा, भरलं नाही तं वरचं छत कोणाच्या डोक्यावर ठेवू? तुह्या?"

धर्मेंद्रलाही हसू आले. डोमाजी मात्र आता हसत नव्हते.

"तू वीस वर्षं नुसता काढूनच राहिला, लेका. भरशील कवा? मँगनीज काही धानासारखं दरसाल उगवत नाही. एक दिवस सरल. त्या दिवशी हे घर कशावर उभं राहील?"

एक चप्पल पायात, एक हातात. धर्मेंद्र तसाच उभा राहिला. ट्रकवर नाव रंगवताना त्याने पेंटरला तीनदा अक्षरे पुसायला लावली होती. आणि इथे एक सही जड झाली होती! त्याने अर्ज काढला, खिशातल्या पेनाने सही केली आणि बाहेर हॉर्न देणाऱ्या ड्रायव्हरला हाक मारली, "भोजराज, उतर! आजची खेप मी नेतो."

दामिनी पहिल्यांदाच 'दामिनी'च्या केबिनमध्ये बसली. मंजुषाने धावत येऊन पोळीचा डबा तिच्या मांडीवर ठेवला.

"सावकाश चालव रे!" डोमाजी ओरडले. "माल महागाचा हाये!"

वाचकहो, आपल्या जिल्ह्याच्या पोटातून जे निघते, ते एकदाच निघते. त्यातून ट्रक येतील, घरे होतील. त्याला वाढ म्हणू. पण त्या पैशातून एखादे मूल शिकले, एखादे माणूस स्वतःच्या पायावर उभे राहिले, तरच तो विकास. किती काढले, हे सगळेच विचारतात. किती भरले, हे आपण आपल्या घरापासून विचारू या.