आठ रिळांचा क्रम

तपासनीसाची तीस वर्षं हातात पांढरे सुती मोजे, डोळ्याला भिंग आणि समोर फिल्म, अशीच गेली होती. निवृत्तीला चार महिने उरले असताना चित्रपट संग्रहालयाच्या मॅडमनी एक नवं घोंगडं त्याच्या गळ्यात टाकलं. गंजक्या डब्यांचा हा ढीग! कुठल्या कुठल्या कम्युनिस्ट सरकारांनी कधीकाळी मैत्रीखातर पाठवलेले चित्रपट. आजवर कुणी झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

“यातला एक निवडा. एकदा दाखवू, बाकीच्यांचं पुढचं पुढे,” मॅडम म्हणाल्या.

झेंडे, भाषणं आणि ट्रॅक्टर बघून डोकं उठणार, असं धरूनच तो बसला. झेंडे निघाले, ट्रॅक्टरही निघाले, नाही असं नाही. पण तिसऱ्या चित्रपटात एक बाई निघाली. गिरणीतून दमून यायची, बूट काढायची आणि पाय चोळत बसायची. तपासणीच्या टेबलावर फिल्मचा आवाज येत नाही, आणि आला असता तरी ती भाषा त्याला कुठे कळत होती! तरी तो तासन्‌तास तिच्याजवळ बसून राहिला. घरी असं बसायला कुणी नव्हतं.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या, रिळांची आकडे लिहिलेली टोकं तुटलेली. मग त्यानं चित्रं बघूनच क्रम लावला. काही रिळांत बाई एकटी, काहींत नवऱ्यासोबत. आधी एकटी, मग दुकटी. संसार असाच सुरू होतो की! आठव्या रिळात दोघं खळखळून हसत होती.

त्यानं हाच चित्रपट निवडला आणि खेळाला बोलवायला मुलीला फोन केला. बायको वारल्यावर वर्षभरातच मुलीनं वेगळी खोली घेतली होती. भांडण वगैरे काही नाही. घरात शिरलं की आईच दिसते, म्हणायची. आता महिन्यातून दोन फोन, “गोळ्या घेता ना?” एवढं विचारून संपायचे.

“रडकं असेल तर मी येणार नाही हं, बाबा.”

“छे गं! शेवट अगदी गोड आहे.”

“मग येते.”

चार दिवस गडी हवेत होता.

खेळाच्या दिवशी सकाळी तो शेवटचा हात फिरवायला बसला, आणि भिंगाखाली बाईच्या कपावर त्याची नजर गेली. ती एकटी असलेल्या रिळात कपाचा कान तुटलेला. नवऱ्यासोबतच्या रिळात तोच कप धडधाकट. तुटलेला कान काही परत उगवत नाही. नवरा येत नव्हता. आधी होता आणि मग गेला होता.

क्रम तसाच ठेवला असता तर कुणाच्या बापाला कळणार होतं? मुलगी हसत घरी गेली असती, कदाचित पुन्हा आलीही असती. आणि ती यावी म्हणून त्याचा जीव तुटत होता. दोनदा त्यानं झाकणांवर आकडे लिहिले, दोनदा खोडले. पण जिच्याजवळ इतके दिवस बसलो, तिच्या आयुष्याची अशी उलटापालट करायला मन धजेना. खरा क्रम घालून त्यानं डबे प्रोजेक्शनच्या खोलीत दिले.

मुलगी आली, शेजारी बसली, सुरुवातीला चक्क हसलीही. शेवटच्या रिळात बाईनं दोन ताटल्या काढल्या. एक परत ठेवली. मग दुसरीही ठेवली, आणि शेगडीजवळ उभ्यानंच पातेल्यातून खाऊ लागली. पडदा पांढरा झाला, दिवे लागले.

“गोड म्हणाला होतात.”

“चुकलो. आज सकाळी कळलं.”

ती पर्स उचलून उठली. दोन पावलं गेली आणि वळली. “तुम्हीपण असंच जेवता ना, बाबा?”

“कधीतरी.”

“खरं सांगा.”

“रोज.”

“आई गेल्यापासून?”

हो म्हणून मोकळं व्हायचं, एवढंच होतं. तेही त्याला जमलं नाही.

“नाही. तू गेल्यापासून.”

मुलगी परत खाली बसली.