जोडीचा पत्ता

सवत असती तर भांडता तरी आलं असतं. माझ्या वाट्याला आला दत्तराव. ताडकळसच्या बाजारात आमच्या ह्यांचं बोर्ड रंगवायचं दुकान, आणि शेजारी दत्तरावाचं शिलाईचं. दुपार झाली की दोघं आमच्या ओसरीवर पत्ते मांडून बसत. साधे पत्ते नव्हेत. जुन्या लग्नपत्रिका कापून, मागच्या बाजूला ह्यांनी स्वतः रंगवलेले राक्षस, गरुड, वीर. प्रत्येकाच्या खाली एक शब्द, आणि त्या शब्दात त्याचं सगळं बळ.

मला कुणी शिकवलं नाही. चहा देता देता शिकले. 'उडता' असेल त्याला उडताच अडवतो. 'आधीघाव' पहिला वार करतो, समोरचा मेला तर उलटा वार येतच नाही. 'राखण' नुसता अडवतो, चालून जात नाही, माझ्यासारखा. 'जोडी' दुसऱ्या कुणाला सोबत घेऊन चालून जातो, मग एकट्याला ते दोघं आवरत नाहीत. जोडीचा पत्ता एकच होता. त्यावर ह्यांनी स्वतःचं तोंड काढून खाली स्वतःचं नाव लिहिलं होतं. तो निघाला की दत्तराव मांडी थोपटून ओरडायचा, "किसन, जोडी!" आणि हे लाजून हसायचे. माझ्याकडे बघून कधी असं हसले होते? अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा बंदमुळे बाजार उघडला नाही. दोघं सकाळपासूनच बसलेले. मी कपबशी आपटली.

"मला वाटा पत्ते."

दत्तराव हसला. "वैनी, हे काय भाकरी थापायचं काम हाय का?"

"मी जिंकले तर दुपारची ही जागा माझी. हरले तर चहा देताना तोंड वाकडं करणार न्हाई."

"खेळ तिच्यासंगं," हे म्हणाले. "मी बघतो."

दत्तरावाच्या आधीघाव वीरानं माझी माणसं उभी कापली. तो वीर मी कसाबसा गरुडानं मारला. शेवटी त्याच्याकडं एक राखण उरला, माझ्याकडं एक राक्षस. आणि मी उचलला तो नेमका जोडीचा पत्ता.

जिंकलेच होते. पण पत्ता टाकताना नाव आणि शब्द मोठ्यानं पुकारायचा, नाहीतर पत्ता बाद, हा ह्यांचाच नियम. केला तेव्हा बायको खेळेल हे कुणाच्या ध्यानीमनी होतं? दारात सासूबाई तूर पाखडत बसलेल्या. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर नवऱ्याचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

दत्तरावानं ओळखलं. "टाका की वैनी. नाव घिऊन टाका."

"उखान्यात घे," हे हळूच म्हणाले. "चालतंय."

"न्हाई चालत," दत्तराव म्हणाला. "नुस्तं नाव. मी घेतो तसं."

मी घेतो तसं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही पत्ते ओसरीवर आपटले.

"किसन!" मी म्हणाले. राव नाही, अहो नाही. "किसन, जोडी!"

सासूबाईंचं सूप थांबलं. "काय म्हनलीस गं?"

ह्यांचे कान लाल झाले होते.

"आनखी येकदा म्हन," हे म्हणाले.

मी म्हणाले. हसू तेच होतं, लाजरं, आणि माझ्याकडं बघून. दत्तरावानं आपले पत्ते गोळा केले, चपला घातल्या. ओसरी उतरून वळला. "येतो रे, किसन."

ह्यांना ऐकू गेलं नाही. मला गेलं.