खुंटीवरचे करदोडे

“त्या देशात लेकराचं बारसं कितव्या दिवशी करतेत, बाबू?” अंबूबाईंनी विचारलं.

मी पाटलांच्या ओसरीवर स्वीडनबद्दल सांगत होतो. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. बी. एस्सी. होऊन मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे आरोग्य खात्याचा हा तक्ता भरणं. वर्षाच्या आत दगावलेली मुलं, दर हजारी. डावा रकाना स्वीडनचा, त्यात सतरा छापलेले. उजवा गावाचा, मोकळा.

पाटील भगवंतरावांच्या रजिस्टरात गेल्या वर्षीचे जन्म एकशे अठरा होते आणि दगावलेली मुलं दोन. मी तीनदा भागाकार केला. हजारी सतराच येत होते. मी पेन्सिलीनं आकडा भरला.

“मंग आपलं गाव इलायतच म्हना की,” असं म्हणून पाटलांनी चहा सांगितला.

अंबूबाई गावातल्या एकट्याच सुईण. नाळ कशानं कापता, एवढंच विचारायला मी त्यांना बोलावलं होतं. बारशाचं मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

“पाटील बारशाले नाव ठेवल्यावर लिहितेत,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आंधी गेलं, त्याले कुठी लिहितेत?”

“पहिला रकाना नावाचा हाय,” पाटील शांतपणे म्हणाले. “नाव नाही तं लिहू काय मी?”

तसा नियम कुठेच नव्हता. रीत होती, आणि ती कुणाला कधी खटकली नव्हती.

अंबूबाई मला घरी घेऊन गेल्या. मूल जन्मलं की त्या स्वतः काळ्या सुताचा करदोडा वळतात आणि बारशाला त्याच्या कमरेला बांधतात. ज्यांना बांधायची वेळ आली नाही, ते दाराजवळच्या खुंटीवर होते.

“हे गेल्या सालचे,” म्हणत त्यांनी ते काढून माझ्या हातात दिले. चौदा भरले. एक माझ्या मनगटाला गुंडाळून पाहिला. दोन वेढ्यांत संपला. प्रत्येक कुणाच्या घरचा, मुलगा की मुलगी, किती दिवस जगलं, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. मी लिहीत गेलो. नावाच्या जागी नुसती आडवी रेघ.

आता जन्म एकशे बत्तीस, मृत्यू सोळा. हजारी एकशे एकवीस. सतरा खोडरबरानं पुसले, तरी कागदावर दिसत राहिले. पाटील मागून आले होते. गावाची बेइज्जती कशाला करता, नव्या राज्यात आपलंच नाव वर जाऊन राह्यलं होतं, असं ते म्हणाले. मी नवा आकडा तसाच ठेवला. ते चहाला न थांबता निघून गेले.

खुंटीवर, अगदी आत, आणखी एक करदोडा होता. त्याचा काळा रंग तपकिरी झाला होता. अंबूबाईंनी तो काढला.

“हा लिहिता काय?”

“कोणत्या सालचा?”

“माहाच हाय. नऊ दिवसांचा व्हता. साल मले नाही सांगता येत.”

तक्त्यात गेलंच वर्ष विचारलं होतं. मी तसं सांगितलं.

“हाव,” त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. “मोजले ना? मंग द्या ते इकडं.”

आधी जुना, मग त्यावर चौदा, असे त्यांनी परत अडकवले. ते हलायचे थांबेपर्यंत त्या खुंटीला हात लावून उभ्या राहिल्या.