कॅलेंडरवरच्या फुल्या

झैन चार वर्षांचा, आणि दोन महिन्यांत दोनदा दवाखान्यात पडून आलेला. तिसऱ्यांदा न्यायची वेळ येऊ नये, त्याच्या आईला, शरीफाला, एवढंच हवं होतं.

मिरजोळ्याच्या त्यांच्या घरी आरोग्यसेविका दीपालीताई यायच्या. श्वासाच्या औषधाचा पंप कसा द्यायचा, दम्याच्या पोराच्या घरात काय नको, हे शिकवायला. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, "खोकला उसळला की कॅलेंडरवर फुली मारा भाभी. बस."

आज महिन्याने आल्या आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं. चार फुल्या. चारही शनिवारी.

"शुक्रवारी खातो काय हा?"

"खाण्याचं काय नाय," सासू कौसर आतून म्हणाली. "जुम्म्याला नवे कपडे घालून फिरतो, नजर लागते. मी धूर देते ना! मागल्या जुम्म्याला तर दुप्पट दिला."

"कसला धूर, आजी?"

कौसरने मोठ्या कौतुकाने सोनेरी झाकणाचा डबा आणला. लेकाने, अरशदने, कुवेतहून पाठवलेला बखूर, तिकडचा सुगंधी धूप. निखाऱ्यावर टाकायचा, दारं-खिडक्या लावायच्या, पोराला मधोमध बसवायचं.

दीपालीताईंनी डबा हुंगला. "वास झकास आहे. पण धूर तो धूर, आजी. कुवेतचा असो नायतर चुलीचा, याची श्वासनळी आवळतो."

"म्हणजे मीच पाडलं काय त्याला आजारी?"

झैन खाटेखाली गाडी फिरवत होता.

शरीफाने सासूला आजवर उलटून उत्तर दिलं नव्हतं. "दारं मी लावली, अम्मी," ती म्हणाली. "दोघींनी पाडलं. आता दोघींनी बंद करू."

"नि अरशदला काय सांगू? दर फोनला विचारतो, आवडला काय म्हणून."

"मी सांगते."

पुढच्या जुम्म्याला शरीफाने पंप हलवून प्लास्टिकच्या नळीला लावला, मास्क झैनच्या तोंडावर धरला. कौसर श्वास मोजत बसली. सहाव्या श्वासालाच झैनने मान फिरवली.

"गप बस रे जमादारा! दहा म्हणजे दहा."

तेवढ्यात अरशदचा फोन. "अम्मी, बखूर लावलास काय?"

शरीफा पुढे झाली, पण कौसरनेच फोन कानाला लावला. "डबा कपाटात आहे. तू आलास की अंगणात लाव नि एकटाच बस त्यात."

शनिवारी फुली नव्हती. कौसरने चष्मा लावून दोनदा बघितलं.

"एका शनिवारानं काय होतंय," ती म्हणाली. फुल्या मारायची पेन्सिल मात्र तिने आपल्या उशाशी नेऊन ठेवली.